शांततेच्या समुद्रातलं कुबिचेक विवर

टण्ण.

मग क्षणभर काही नाही. मग टण्, टण्, टण् करत ती वस्तू जिन्याच्या एकेका पायरीवर थांबत, जरा विचार करत, थेट तळापर्यंत उतरली. मातौश नुकता झोपला होता. माझ्या कुशीत त्याचं तोंड अजून झोपेतच चुटूचुटू हलत होतं. ते थांबलं, भुवया आक्रसल्या, आणि अर्धा तास गुणगुणून, थोपटून जमवलेली सगळी शांतता त्याने एका किंकाळीत उधळून दिली.

"मुली!" खालून सासऱ्यांचा आवाज आला. "काळजी करू नकोस! दुर्बिणीचं टोपण होतं. पोचा नाही आला!"

जणू काही मी इथे टोपणाच्या काळजीने अर्धमेली होऊन बसले होते.

माझे सासरे, इंजिनिअर ओल्ड्रिख कुबिचेक. नावाआधी 'इंजिनिअर' लावलं नाही तर त्यांना हाक ऐकू येत नाही, असा आमच्या गावातल्या कसायापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांचा अनुभव. साखर कारखान्यात बीट धुण्याचा विभाग त्यांच्याकडे होता. तो कारखाना कधीच पाडला, तिथे आता सुपरमार्केट झालंय, पण इंजिनिअर उभा आहे. सासूबाई गेल्यापासून ते खालच्या मजल्यावर, आम्ही वरच्या. अंगण दोघांचं, म्हणजे त्यांचं. करवंटीएवढ्या त्या गवताच्या तुकड्यावर, करंटच्या फळझुडपांच्या मधोमध, त्यांच्या दुर्बिणीची तिपाई रोवलेली असते. आकाश निरभ्र असेल त्या संध्याकाळी मी दोरीवरचे लंगोट उतरवायचे, कारण ओलं कापड हललं की हवा ढवळली जाते आणि चंद्र थरथरतो. चंद्र थरथरू नये म्हणून माझ्या बाळाने ओलं राहायचं, हे मी चार वेळा ऐकून घेतलं. पाचव्या वेळी ऐकलं नाही. तेव्हापासून मी 'जरा तुटक स्वभावाची' आहे.

पण हे सगळं मी सोडून देऊ शकते. म्हातारा माणूस, हौस आहे, करू दे. सोडता येत नव्हती ती अपोलेन्काची गोष्ट.

अपोलेन्का सहा वर्षांची. पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, तिला शाळेत नाव घालायला न्यायचं होतं. तिथे बाई चित्र काढायला लावतात, बूट बांधायला लावतात, नाव लिहायला लावतात, आणि मग ठरवतात की मूल सप्टेंबरात पहिलीत बसेल की एक वर्ष थांबेल. इथे त्याला नापास म्हणत नाहीत. 'पुढे ढकललं' म्हणतात. टेबल ढकलावं तसं. माझ्या मुलीला नाताळात दप्तर मिळालं होतं, त्यावर कोल्हा होता, आणि तेव्हापासून ते पाठीवरून उतरत नव्हतं. दप्तर लावून नाश्ता, दप्तर लावून संडास. झोपताना फक्त उशाशी, पट्टा मुठीत.

आणि सासऱ्यांचं मत पडलं होतं की ती उलटी बघते.

मत पडायला कारण झालं त्यांच्या वाढदिवसाचं कार्ड. अपोलेन्काने स्वतः लिहिलेलं. अक्षरं सगळी होती, पण पाठमोरी, आणि उजवीकडून डावीकडे निघालेली. मुलं असं करतात. काही मुलं जरा जास्त दिवस करतात. सासऱ्यांनी मात्र भर पाहुण्यांत ते कार्ड उचललं, दिवाणखान्यातल्या आरशासमोर धरलं, आणि म्हणाले, "अहो, येतंय की वाचायला! आरशात येतंय!" सगळे हसले. अपोलेन्काही हसली, कारण सगळे हसत होते. नंतर न्हाणीघरात तिने मला विचारलं, "आई, आजचा विनोद कुठला होता?"

त्या दिवसापासून ते कार्ड त्यांच्या कोटाच्या खिशात असतं. भेटेल त्याला दाखवतात.

"बाई येणार आहेत शनिवारी," त्यांनी त्या आठवड्यात जाहीर केलं. बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, शेबेस्तोवाबाई. "चंद्र दाखवतो त्यांना. अर्धा असेल, सावल्या लांब असतील, फार छान दिसेल. आणि ओघाओघात मुलीकडेही एक नजर टाकतील. खाजगीत. गुरुवारी चारचौघांत शोभा होण्यापेक्षा ते बरं, नाही का मुली?"

मी स्वयंपाकघरात रादिमला गाठलं. रादिम माझा नवरा. माणूस वाईट नाही. फक्त वडील खोलीत आले की तो फर्निचर होतो.

"तू सांग ना त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"की पोरीच्या शाळेचा निकाल अंगणात कॉफी पिता पिता लावत नाहीत."

"अगं, चांगल्यासाठीच करतायत. त्यांची ओळख आहे बाईंशी."

"ओळख आहे हीच तर भीती आहे."

"आणि समजा एक वर्ष थांबली तर एवढं काय..."

"ठीक. मग तूच जा, तिच्या पाठीवरचं दप्तर काढून घे आणि तिला सांग. मी इथून बघते."

रादिमला अचानक कॉफीच्या यंत्राची गाळणी फार अस्वच्छ वाटायला लागली.

बाई येणार म्हणून बुधवारी मी खालचा बोळ पुसायला घेतला. त्या बोळात, बुटांच्या कपाटावर, सासऱ्यांचा चंद्राचा नकाशा टांगलेला आहे. छापील, जुना, काचेच्या चौकटीत. आणि त्याच्यासमोर, दुसऱ्या भिंतीवर, त्यांनी स्वतः काढलेला चंद्र. तोही चौकटीत, आणि चौकट नकाशापेक्षा जाड. खाली वळणदार अक्षरांत 'दुर्बिणीतून, प्रत्यक्ष निरीक्षणावरून. इं. ओ. कुबिचेक'. त्याची एक प्रत गावच्या सांस्कृतिक भवनात लावलेली आहे, माजी महापौरांच्या फोटोशेजारी.

त्या चित्रात एक विशेष आहे. शांततेचा समुद्र म्हणतात त्या करड्या सपाट भागात, काठापासून जरा आत, एक इवलंसं गोल विवर. व्यवस्थित काढलेलं, एका बाजूला सावली, दुसऱ्या बाजूला उजळ कड. कुठल्याही पुस्तकात ते सापडत नाही, आणि सासऱ्यांना हे माहीत आहे. त्यातच तर त्यांचा आनंद आहे. ते विवर त्यांनी शोधलंय. कुबिचेक विवर. "छापील नकाशातही आहे बघा," ते पाहुण्यांना म्हणतात, "पण त्याला नाव द्यायचं कुणाला सुचलं नाही!" ते दिसायला मुरलेली नजर लागते. महापौरांना दिसलं. औषधांच्या दुकानदाराला दिसलं. दंतवैद्याला चष्मा काढूनसुद्धा दिसलं. आमच्या गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्या प्रत्येकाच्या नजरेत ते मुरलेपण आयपीसला डोळा लावताक्षणी येतं.

बुधवारी मी व्हिनेगर आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन नकाशाची काच पुसली. शांततेच्या समुद्रावर जरा जोर लावावा लागला. एक काळा ठिपका होता, वाळलेला. निघाला.

मी पुढे गेले. दाराच्या काचेपर्यंत गेले. मग थांबले, मागे फिरले, काचेच्या त्या स्वच्छ जागेकडे बघितलं, मग वळून समोरच्या चित्राकडे बघितलं, आणि बुटांच्या कपाटावर बसले. गेल्या उन्हाळ्यात जरदाळू उकळत होते तेव्हा घरभर माश्या झाल्या होत्या. त्यातली एक चंद्रावर बसून आपला कार्यभाग उरकून गेली होती, आणि इंजिनिअर ओल्ड्रिख कुबिचेक यांनी त्याला सावली देऊन, कड देऊन, आपलं आडनाव दिलं होतं.

हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते ओसरल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि ती तेवढी हसण्यासारखी नव्हती. म्हणजे हा माणूस दुर्बिणीतून बघून काढतच नाही. तो बोळात उभा राहून नकाशावरून काढतो. दुर्बीण लोकांना दाखवायला.

रादिमला सांगितलं. त्याने आधी दार लावलं.

"त्यांना सांगू नकोस," तो म्हणाला. "कळलं तर खचतील गं."

मी नाही सांगितलं. खचू नयेत म्हणून नाही. ज्याला आपण इतकं क्षुल्लक समजतो, त्याला माशीबद्दल काय सांगायचं, म्हणून.

शनिवारी शेबेस्तोवाबाई सूर्य मावळता मावळता आल्या. एप्रिलमधली गार संध्याकाळ, आलुबुखाराच्या फांद्यांना कळ्या, आणि छपराच्या वर अर्धा चंद्र आधीच येऊन बसलेला. बाईंच्या अंगावर चांगला कोट, पायात अंगणात न चालणारे बूट. मी बाबोव्का केला होता, मध्ये भोक असलेला आपला नेहमीचा केक, वरून पिठीसाखर. बाई त्याला 'दैवी' म्हणाल्या आणि तुकडा बशीतच ठेवला.

"चला इंजिनिअरसाहेब, दाखवा तुमचं विश्व," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी त्यांना आधी बोळातून फिरवून आणलं होतं, चित्र दाखवलं होतं. छापील नकाशाकडे त्यांनी स्वतः ढुंकूनही बघितलं नाही. आता ते तिपाईशी उभे होते, एक हात नळीवर. दुर्बिणीच्या मागच्या टोकाला एक काटकोनी डबी आहे. तिच्यात आरसा आहे. त्यामुळे मान मोडून वर न बघता वरून सरळ खाली आयपीसमध्ये बघता येतं. एवढंच की त्या आरशामुळे चंद्राची उजवी बाजू डावी होते आणि डावी उजवी. हे दुर्बीणवाल्या प्रत्येकाला माहीत असतं. सासऱ्यांनी मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं, दोनदा, हळू आवाजात, मी मंदबुद्धी असल्यासारखं.

"आधी चिमुरडीला काढू द्या," ते बाईंना म्हणाले. "मग आपण बोलू. ये, अपोलेन्का. दप्तर काढ."

"दप्तर राहू दे ना, द्येदा." आजोबांना ती द्येदाच म्हणते.

"बरं, राहू दे. बघ आणि काढ."

ती बागेतल्या स्टुलावर चढली. एक डोळा मिटताना तिचं अख्खं तोंड एका बाजूला गोळा होतं. तिने बघितलं. मांडीवरच्या पुठ्ठ्यावर काढलं. पुन्हा बघितलं. जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर. पाठीवरचा कोल्हा तिच्या श्वासाबरोबर वरखाली होत होता. मी बाळाला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मला वाटलं, एवढ्या मनापासून या अंगणात याआधी कुणी चंद्राकडे बघितलेलं नाही.

"तीन पातेली आहेत," ती आयपीसमधून नजर न काढता म्हणाली. "काळोखाच्या काठावर. मोठं, मग मधलं, मग छोटं. छोट्यात एक दाणा राहिलाय."

होतीच तशी. नंतर मी बघितली. तीन विवरं एकाखाली एक, आणि तळच्यात मध्यभागी डोंगराचं टोक, उन्हात चमकणारं. दाणाच.

बाईंनी चित्र हातात घेतलं. वर चंद्राकडे बघितलं. पुन्हा चित्राकडे.

"अरे," त्या म्हणाल्या. "बाळा, उजेड कुठल्या बाजूला आहे?"

"या," अपोलेन्काने कागदाच्या डाव्या अर्ध्यावर बोट ठेवलं.

"आणि वर बघ बरं. तिथे?"

अपोलेन्काने वर बघितलं. छपरावरचा चंद्र उजवीकडून उजळलेला होता. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं.

सासऱ्यांनी सुस्कारा सोडला. खिशातून कार्ड काढलं आणि बाईंच्या हातात दिलं. "हेही असंच. मी म्हणालो नव्हतो?"

मी वाट बघितली. त्यांच्या दुसऱ्या हाताचं बोट त्या डबीवर होतं, बरोबर आरशावर. एक वाक्य पुरे होतं. त्यांनी ते म्हटलं असतं, तर मी आयुष्यभर लंगोट उतरवले असते.

"बाबा," मी म्हटलं, "डबीत आरसा आहे ना?"

"मुली," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आरसा सगळ्यांसाठी आहे. खरा निरीक्षक जे दिसतं ते काढत नाही, जे आहे ते काढतो. माझं चित्र बघितलंत बाई, उजेड कुठे आहे? उजवीकडे. कारण मी विचार करतो. ही विचार करत नाही. अजून तयार नाही, एवढंच. आणि मुख्य गोष्ट तर तिने सोडूनच दिली. अपोलेन्का, द्येदाचं विवर कुठे आहे?"

"ते... दिसलं नाही."

"पुन्हा बघ. गुळगुळीत भाग आहे ना, तिथे."

तिने पुन्हा बघितलं. बराच वेळ. डोळा बदलला. मग तिच्या पाठीवरचा कोल्हा हलायला लागला, आणि मला कळलं की ती रडतेय, आयपीसला डोळा लावूनच, म्हणजे कुणाला दिसू नये म्हणून.

"मला नाही दिसत," ती म्हणाली. "मी नीट बघतेय द्येदा, खरंच."

"असू दे, असू दे. बाई, तुम्ही बघा. तुम्हाला लगेच सापडेल."

बाई वाकल्या. केस सावरले. "हो," त्या म्हणाल्या. "हो हो. ते का? इवलंसं. किती गोड!"

"बघा!" सासरे म्हणाले. "पहिल्यांदाच बघतायत, तरी!"

मी मातौशला रादिमच्या हातात दिलं. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि "कमिला, नको" असं फक्त ओठांनी म्हटलं.

"ते आता नाहीये, बाबा," मी म्हटलं. "मी बुधवारी पुसलं. व्हिनेगरने."

"काय पुसलं?"

"कुबिचेक विवर. नकाशाच्या काचेवर होतं. माशीची शी होती ती. जरा घासावी लागली, पण निघाली. जाऊन बघा, जागा अगदी लख्ख आहे."

शेजारच्या अंगणात कुणीतरी हातगाडी ढकलत होतं. तिचं चाक करकरत होतं. बाई अजून वाकलेल्याच होत्या. दिसलेल्या गोष्टीपासून मागे कसं सरकायचं हे त्यांना सुचत नसावं.

सासरे बोळात गेले. दिवा लागला. बराच वेळ लागलेला होता. परत आले तेव्हा त्यांनी टोपण उचललं आणि दुर्बिणीच्या तोंडावर बसवायला लागले. ते दोनदा घसरलं.

"धुकं येतंय," ते म्हणाले. आकाश काचेसारखं होतं.

शेबेस्तोवाबाई सरळ झाल्या. माणूस कसा आहे ते त्याच्या पहिल्या वाक्यावरून नाही, सापडल्यावरच्या पहिल्या वाक्यावरून कळतं.

"मला वाटतं," त्या कोटाचं बटण लावत म्हणाल्या, "मुलीची निरीक्षणशक्ती उत्तम आहे. अगदी उत्तम. पुढे ढकलण्याचा प्रश्नच येत नाही. गुरुवारी घेऊन या, एक उपचार आहे फक्त. आणि कमिलाताई, हे जे काही... ते आपण गावात..."

"कशाला बोलू?" मी म्हटलं. "तुम्ही केक घ्या ना. तसाच राहिलाय."

त्यांनी घेतला. सगळा संपवला. प्रत्येक घास मला गोड लागला.

रात्री जेवताना रादिम म्हणाला, "तू त्यांना फार लागेल असं बोललीस."

"तुझी मुलगी सप्टेंबरात शाळेत जाणार आहे," मी म्हटलं. "बटाटे वाढू?"

त्याने वाढून घेतले.

रविवारी सकाळी सासरे वर आले नाहीत. खाली रेडिओ लागला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, असं मला दोन वेळा वाटून गेलं. मी ते दोन्ही वेळा जाऊ दिलं. फ्रिजच्या दारावर मी अपोलेन्काचा चंद्र लावला होता, डावीकडून उजळलेला, तीन पातेली, एक दाणा. ओट्याशी उभी राहून मी त्याच्याकडे बघत होते आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

"आई, नाव घालायचं राहिलं," अपोलेन्का म्हणाली. "द्येदाच्या चित्राखाली असतं तसं."

तिने खुर्ची ओढली, चित्र काढून टेबलावर घेतलं, खडू निवडला. निळा. जीभ कोपऱ्यातून बाहेर आली. माझ्या मांडीवर मातौश होता, खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं, आणि तिच्या आणि कागदाच्या मधे काहीही नव्हतं. ना नळी, ना काच, ना डबी.

तिने कागदाच्या उजव्या टोकापासून सुरुवात केली. एकेक अक्षर सावकाश, नीट, जोर देऊन. प्रत्येक अक्षर माझ्याकडे पाठ करून उभं राहिलं. संपल्यावर तिने खडू ठेवला, मान मागे घेऊन बघितलं, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर तोच भाव आला जो काल छपराकडे बघताना आला होता.

"आई."

"हं?"

"द्येदाच्या डबीत आहे ना, तसा माझ्या डोळ्यात पण आरसा आहे का?"